साका बसेपर्यंत

तळघरात दोन काचेचे बुधले शेजारी शेजारी उभे आहेत. एकावर चिकटपट्टी लावून मी ‘हलकी’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘भारी’. बाहेर मिनेसोटाचा जानेवारी आहे, पारा उणे २३ वर. तळघर मात्र १७ अंशांवर ठाण मांडून असतं. हलकीचे बुडबुडे कालपासून मंदावलेत. भारीचा अजून दर चार सेकंदांनी एक येतो. दोन्हींत मध, पाणी, यीस्ट आणि यीस्टच्या पोटाला चिमूटभर काही. १९ लिटरच्या घाण्यात हलकीला ३ किलो मध लागतो, भारीला ७. फरक चार किलोंचा. या चार किलोंनी माझी बारा वर्षं खाल्ली.

मीड म्हणजे मधाची वाइन. मध पाण्यात कालवायचा, यीस्ट सोडायचं. ते साखर खातं, दारू आणि कार्बन डायऑक्साइड मागे ठेवतं. शब्द आपल्या नात्यातलाच आहे. संस्कृत मधु, इंग्रजी मीड, रशियन म्योद, लिथुआनियन मिदुस, सगळी एका आईची लेकरं. गंमत अशी, की कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात दारूंची यादी येते, तिच्यातला ‘मधु’ मात्र द्राक्षरसाचा आहे. नाव मधाचं, माल द्राक्षाचा. भेसळखात्याची तक्रार फार जुनी म्हणायची.

इथल्या स्पर्धांत मीडचे जोरानुसार तीन वर्ग करतात. साडेतीन ते साडेसात टक्के अल्कोहोल म्हणजे हायड्रोमेल, साडेसात ते १४ म्हणजे नेहमीची, १४ ते १८ म्हणजे सॅक. माझी हलकी ६ टक्क्यांच्या आसपास उतरते, भारी १३ च्या. सॅकच्या वाटेला मी गेले नाही, जाणारही नाही.

यात मी पडले ती एका बादलीमुळे. एकवीस वर्षं मी एका डेअरी कंपनीच्या प्रयोगशाळेत काढली. दही, चीज, त्यांची विरजणं, जिवाणूंचे लाड. सूक्ष्म जिवांची नस आपल्याला सापडलीय असा माझा समज होता. २०१३ च्या ऑगस्टमध्ये शेजारचे म्हातारे मधपाळ घर विकून मुलाकडे राहायला निघाले आणि जाताना ६० पौंडांची बादली आमच्या दारात ठेवून गेले. बासवूडच्या फुलांचा मध. बासवूड हे इकडचं झाड, जुलैच्या सुरुवातीला फुलतं, आणि त्याच्या मधाला पुदिन्यासारखी किंचित गार चव असते. घरात माणसं दोन, मध २७ किलो.

साताऱ्याला आईला फोन लावला.

“रोज लिंबूपाण्यातून घे की.”

“आई, सत्तावीस किलो आहे.”

“मग वाट लोकांना. आणि तापवू नकोस हं. मध तापवायचा नसतो.”

वाटला. तरी निम्मी बादली उरली. तेव्हा मला आजोबांच्या बरण्या आठवल्या.

माझे आजोबा वैद्य. वाईकडच्या आमच्या घराच्या माजघरात चिनी मातीच्या मोठ्या बरण्या असत, आणि हिवाळ्यात द्राक्षासव घातलं जाई. मनुकांचा काढा, गूळ, धायटीची सुकी फुलं. बरणीच्या तोंडाला फडकं बांधून वर मातीचा लेप, कपडमाती. मग ती बरणी धान्यात पुरून ठेवायची, म्हणजे थंडीवाऱ्याचा चढउतार तिला लागत नाही. आम्ही पोरं पालथी पडून धान्यात कान खुपसायचो. आत कोणी कुजबुजल्यासारखा आवाज येई. महिन्याभराने आजोबा लेप फोडत आणि बरणीच्या तोंडाशी पेटती काडी धरत. काडी विझली तर आत अजून काम चाललंय. जळत राहिली तर संधान पुरं झालं. या काडीकडे मी पुढे लक्ष दिलं असतं तर एक गोधडी वाचली असती. ते पुढे येईलच.

पहिला घाणा भारीचा घातला. जुन्या पद्धतीच्या एका कृतीत मध-पाणी उकळून वरची मळी काढायला सांगितलं होतं. आईचं वाक्य कानात होतं, चरकसंहितेतही तापवलेल्या मधाला मनाई आहे. पण मी पडले प्रयोगशाळेतली बाई, निर्जंतुक करायचं तर उकळलंच पाहिजे. अर्धा तास घरभर बासवूड दरवळत होता. नवरा वरच्या मजल्यावरून ओरडला, “काय मस्त वास सुटलाय!” तो वास घरभर झाला, म्हणजे भांड्यातून गेला, एवढं साधं गणित मला त्या दिवशी सुचलं नाही. हल्ली कोणी उकळत नाही. मधात पाणी इतकं कमी, साधारण १७-१८ टक्के, की त्यात जंतू वाढू शकत नाहीत. कोमट पाण्यात मध ढवळला की झालं. आईचं म्हणणं वेगळ्या कारणाने, पण खरं ठरलं.

दुसरी चूक जागेची. बादली मी ओट्यावर शेगडीजवळ ठेवली. ऑगस्टचा उकाडा, २८ अंश. दह्याला ऊब लागते म्हणून यीस्टलाही ऊब. माझ्याकडचं यीस्ट डी-४७ जातीचं होतं. ते विशीच्या वर गेलं की घसा जाळणारी जड अल्कोहोलं सोडायला लागतं, हे पाकीट कचऱ्यात गेल्यावर वाचलं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात सडक्या अंड्यांचा वास. नवऱ्याने आधी गॅसची गळती म्हणून खिडक्या उघडल्या, मग सिंकखालची नळी काढून पाहिली, आणि शेवटी बादलीचं झाकण उचलून माझ्याकडे बघितलं. बोलला काही नाही. ते जास्त लागलं.

तिसरी चूक सगळ्यांत मोठी. द्राक्षाच्या रसात किंवा बार्लीच्या माल्टमध्ये यीस्टला लागणारा नायट्रोजन आधीपासून असतो. मधात जवळजवळ नसतोच. मध म्हणजे नुसती साखर. पोराला गुळाच्या खड्यावर वाढवायला घेतल्यासारखं मी त्या यीस्टला वागवलं, आणि उपाशी यीस्ट हायड्रोजन सल्फाइड सोडून बोंब मारत होतं. महिन्याने हायड्रोमीटर घातला. दुधाचा लॅक्टोमीटर पाहिला असेल तर हा त्याचाच भाऊ. साध्या पाण्यात १.००० दाखवतो, साखर जितकी जास्त तितका वर तरंगतो. सुरुवातीला १.१०७ होता, आता १.०४० वर येऊन बसला आणि हलेना. गोडमिट्ट, वर तिखट, मागून रॉकेल. तळघरात नेऊन ठेवला तर नाताळपर्यंत कसाबसा १.०१२ वर उतरला. तेवीस बाटल्या भरल्या आणि जिन्याखाली ढकलल्या. ओतून देणं जिवावर आलं, एवढंच त्यामागचं कारण.

मग वाटलं, आपली उडी मोठी पडली. आधी सोपं करावं. हलकी करावी, मध कमी, दारू कमी, महिना-दीड महिन्यात तयार. सगळ्यांचा हाच समज असतो, आणि तो साफ चुकीचा आहे.

साधं वरण करून बघा. आमटीत चिंच-गूळ, गोडा मसाला, खोबरं, फोडणी. डाळ थोडी डावी असली तरी खपून जाते. साध्या वरणात डाळ, हिंग, हळद, मीठ. डाळ जुनी असेल, करपली असेल, पाणी जास्त झालं असेल, तर पहिल्या घासाला कळतं. हलकी मीड हे साधं वरण आहे. भारीत १३ टक्के अल्कोहोल अंग देतं, उरलेली साखर अंग देते, आणि दोघं मिळून बारीकसारीक दोष पोटात घेतात. हलकीत दोन्ही नाहीत. माझ्या पहिल्या हलकीची चव नवऱ्याने एका वाक्यात सांगितली: “मधाचा डबा विसळलेलं पाणी आहे हे.” त्यात काडीची अतिशयोक्ती नव्हती.

मी तिला स्वस्तातला क्लोव्हरचा मध वापरला होता, तिथेच घोडं पेंड खात होतं. क्लोव्हरचा मध गोड आणि सौम्य, भारीत सात किलो पडला तर त्याचं काहीतरी उरतं. तीन किलो पडला तर यीस्ट साखर खाऊन जातं आणि मागे नाव सांगायलाही कोणी राहत नाही. हलकीला उग्र मध हवा. बासवूडचा चालतो. कुट्टूच्या फुलांचा काळा मध त्याहून जोरकस, पण त्याला काकवीसारखा आणि थोडा गोठ्यासारखा वास असतो. मला तो निम्मा घातलेलाच आवडतो. दुसरी गोष्ट तुरटपणाची. एक कप कडक कोरा चहा पाच गॅलनमध्ये ओतायचा. ही युक्ती इथल्या घरगुती मीडवाल्यांत जुनी आहे. मी ती ऐकली तेव्हा हसले, आणि केली तेव्हा गप्प बसले. चहाचं नावही कळत नाही, पण घोट जिभेवर थांबतो. तिसरा फेस. हलकी मीड फेसाळ असली तरच तिला जीव येतो.

फेसाने घात केला.

फेस आणायची रीत सोपी आहे. आंबणं पूर्ण झाल्यावर बाटली भरताना लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालायची. तळाशी उरलेलं थोडं यीस्ट ती खातं, झाकण बंद असल्याने वायू आतच विरघळतो. २०१५ च्या फेब्रुवारीत माझ्या दुसऱ्या हलकीचे बुडबुडे थांबले होते. हायड्रोमीटर १.००८ दाखवत होता. झालं असेल, थोडी गोडी राहिली तर बरंच, असं म्हणून मी साखर घातली, झाकणं ठोकली आणि खोका पाणी तापवायच्या टाकीशेजारी सरकवला, जागा तिथेच होती म्हणून. खरं तर यीस्टचं काम झालंच नव्हतं. ते थंडीने झोपलं होतं. लिटरमागे पंचवीसएक ग्रॅम साखर अजून आत होती, आणि मी त्याला उबेत नेऊन उठवलं.

दहा दिवसांनी रात्री अडीचला खालून आवाज आला. मिनेसोटात हिवाळ्यात रात्री आवाज आला की माणसाच्या मनात एकच येतं, पाईप गोठून फुटला. नवरा मुख्य नळाचा कॉक बंद करायला धावला. तेवढ्यात दुसरा आवाज. मग तिसरा. पाईप असा मोजून मापून फुटत नाही. दिवा लावला तर भिंतीवर काच रुतलेली, छतावरून मीड ठिबकतेय.

सकाळी मी बर्फातला जाड कोट चढवला, बागकामाचे हातमोजे आणि नवऱ्याचा गॉगल. आईने शिवलेली गोधडी खोक्यावर टाकली आणि तिच्याखाली हात घालून एकेका बाटलीचं झाकण उचलत गेले. प्रत्येक झाकणासरशी गोधडी फुगायची आणि फस्सकन बसायची. एकोणीस बाटल्या. शेवटच्या चारांत हात थरथरायला लागला, कारण तोवर कळलं होतं की आपण काय करतोय. त्या गोधडीत आईच्या दोन नऊवारींचे पदर होते. चार वेळा धुतली, पावसाळी हवेत अजून वास येतो.

आजोबांची काडी तिथे आठवली. आत काम चालू आहे की नाही हे बघितल्याशिवाय त्यांनी कधी बरणी गाळली नाही, आणि माझ्याकडे तर हायड्रोमीटर होता. आता नियम असा: आठवड्याच्या अंतराने दोन मापं घ्यायची, दोन्ही सारखी आली आणि १.००० च्या आसपास किंवा खाली असली, तरच बाटली. बुडबुडे थांबले याचा अर्थ फक्त बुडबुडे थांबले.

भारीकडे परतले ते यीस्टला जेवायला घालायचं शिकून. मिशिगनच्या केन श्रॅम यांचं ‘द कम्प्लीट मीडमेकर’ हे २००३ चं पुस्तक आणलं, वाचलं, समासात भरपूर लिहिलं. यीस्ट कोरडं टाकायचं नाही. त्याला आधी ४० अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवायचं. विरजण लावताना दुधात करंगळी बुडवून आपण बघतो, तेवढं कोमट. फार तर त्याहून किंचित गरम. मग खाणं. सगळं एकदम वाढायचं नाही. न्यू जर्सीतल्या मेलोव्हिनो मीडरीच्या सर्जिओ मौतेला यांनी रूढ केलेलं वेळापत्रक मी पाळते. चोवीस तासांनी, अठ्ठेचाळीस तासांनी, बहात्तर तासांनी, आणि शेवटचा हप्ता एक तृतीयांश साखर संपल्यावर किंवा सातव्या दिवशी. बाळंतिणीच्या खोलीबाहेर असावं तसं त्या आठवड्यात मी घर सोडत नाही.

या हप्त्यांतही एकदा तळघर न्हालं. दुसऱ्या दिवशी पोषणाची पूड कोरडीच बुधल्यात ओतली. आतलं द्रव वायूने तुडुंब भरलेलं असतं. पुडीचा एकेक कण म्हणजे त्या वायूला बाहेर पडायला दार. सोड्यात मीठ टाकल्यासारखा बुधल्याच्या चिंचोळ्या तोंडातून फेसाचा खांब उठला आणि माझ्या कोपरापर्यंत आला. वास्तुशांतीला लोक मुद्दाम दूध उतू घालवतात; आमच्या तळघराची वास्तुशांत अशी घर घेतल्यावर नऊ वर्षांनी झाली. आता पूड वाटीभर पाण्यात कालवून घेते, आधी हलकं ढवळून वायू सोडते, आणि पहिले दिवस बुधल्याऐवजी मोठी बादलीच वापरते.

आंबणं संपलं की साका. तळाशी बोटभर पांढरट थर बसतो, वर निवळ राहते. नळीने वरचं वर काढून दुसऱ्या बुधल्यात घ्यायचं, पुन्हा साका, पुन्हा काढायचं. हलकी मी साधारण तीन आठवड्यांनी एकदा काढते, सहा आठवड्यांनी बाटलीत. भारीचं सांगता येत नाही. तिच्या बुधल्यामागे मी वर्तमानपत्राचा कागद धरते. अक्षरं वाचता आली की पुढचं बघायचं. गोड ठेवायची असेल तर निवळल्यावर सल्फाइट आणि सॉर्बेट दोन्ही घालते. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त त्याची वीण थांबवतं, म्हणून गढूळ मीडमध्ये ते वाया जातं. हे शिकायलाही एक घाणा खर्ची पडला, पण रोज काय रडायचं.

आमसुलाचं मात्र सांगते. हलकीत आंबटपणा हवा म्हणून भारतीय दुकानातून कोकम आणलं. रंग काय उतरला! माणिक. बाटली उजेडात धरून फोटो काढले, पुण्याला बहिणीला पाठवले. घोट घेतला आणि खारट. आमसुलं मीठ लावून वाळवलेली होती, आणि मीठ यीस्ट खात नाही. आता येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून बिनमिठाची मागवते.

लोक पहिला प्रश्न कायद्याचा विचारतात. अमेरिकेत घरच्यापुरती वाइन गाळायला मुभा आहे, आणि मीड वाइनमध्येच धरतात. घरात प्रौढ माणूस एक असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. म्हणजे ७५७ लिटर. विकायची नाही. एवढी मर्यादा गाठायला मला दोन जन्म लागतील. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी दारू करणं गुन्हा आहे, मग ती मधाची असो की मोहाची. हे वाचून साताऱ्यात कोणी बुधला आणायला निघू नये. तिकडे आता मीड विकतही मिळते. पुण्याची मूनशाइन मीडरी हलकी, फेसाळ मीड करते. २०१९ च्या डिसेंबरात मी तिची बाटली घेऊन साताऱ्याला गेले. आईने चमच्याने घेतली. हो, चमच्याने; आसव चमच्यानेच घ्यायचं असतं. तोंडात घोळवली आणि म्हणाली, “बाबांच्या द्राक्षासवापेक्षा पातळ आहे. पण चांगली आहे.” मग तिने मला एक जुनी गोष्ट सांगितली. आग्यामोहोळाचा मध पावसाच्या आसपास काढला की पातळ असे, आणि बाटलीत आपोआप फसफसून बूच उडवी. घरातले म्हणत, मध बिघडला. आजोबा तो टाकू देत नसत. वर नाव लिहून ठेवत. काय नाव, ते आईला आठवलं नाही.

इथल्या मराठी मंडळात माझ्या मीडची वाट फार हळू उघडली. कोजागरीला मसाला दुधाच्या पातेल्याशेजारी मी हलकीच्या बाटल्या ठेवल्या. एका काकूंनी विचारलं, “यात दारू असते का गं?”

“असते काकू. बिअरपेक्षा थोडी जास्त.”

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. “मग मधाचं सरबत म्हणून अर्धा ग्लास दे. आणि यांना सांगू नकोस.”

पाच मिनिटांनी काका आले. त्यांनाही अर्धाच हवा होता, आणि काकूंना सांगायचं नव्हतं. त्या रात्री बारा बाटल्या संपल्या, मसाला दूध उरलं. माझ्या ऑफिसातल्या इथिओपियन मैत्रिणीला हा किस्सा सांगितला तर ती खो खो हसली. तिच्याकडे तेज नावाची मधाची दारू घरोघरी होते, गेशो नावाच्या झुडपाच्या पानां-काड्यांनी तिला कडवटपणा आणतात, आणि गोल पोटाच्या, बारीक मानेच्या काचेच्या भांड्यातून पितात. तिची आई कसलंच माप घेत नाही. कान लावते.

राहिल्या त्या जिन्याखालच्या तेवीस बाटल्या. २०१७ च्या नाताळात जिन्याखालचा पसारा काढताना त्या हाती लागल्या. ओतून बाटल्या तरी मोकळ्या कराव्यात म्हणून पहिली उघडली, आणि ओतण्याआधी सवयीने हुंगली. अंड्याचा वास नव्हता. रॉकेलही गेलं होतं. रंग जुन्या तुपासारखा, आणि मध, जो मी स्वतःच्या हाताने उकळून घालवला असं धरून चालले होते, तो कुठूनतरी परत आला होता. पूर्ण नाही, शेजारच्या खोलीत कोणी बासवूडची बाटली उघडावी तेवढा. नवऱ्याला ग्लास दिला, काय आहे ते सांगितलं नाही. तो म्हणाला, “ही कुठून विकत आणलीस?” बारा वर्षांत मिळालेलं हे माझं एकमेव बक्षीस.

म्हणून नव्याने सुरू करणाऱ्याला मी उलटा सल्ला देते. आधी भारी घाल. चुका कर, बाटल्या भर, विसर. चार वर्षांनी काळ तुझी निम्मी पापं धुऊन देईल. हलकीला हा जामीन नाही. ती सहा महिन्यांत उतरणीला लागते. तिच्यात जे चुकलं ते पहिल्या दिवशीही दिसतं आणि शेवटच्याही. तिच्यासाठी मध पारखता यावा लागतो, तळघराचं तापमान जपावं लागतं, आणि मापाच्या काडीला खोटं बोलू द्यायचं नसतं. माझी मनाजोगती हलकी जमली ती नवव्या घाण्याला.

आत्ता खाली जाऊन आले. हलकी १.००२ वर आहे, आणखी आठवडाभर थांबायचं. भारी १.०३१. गेल्या वर्षीच्या हलकीची एकही बाटली घरात नाही. २०१३ च्या त्या फसलेल्या भारीच्या दोन उरल्यात. एकीवर आईचं नाव लिहून ठेवलंय, ती मे महिन्यात इकडे येतेय.